तबकडीत न मावलेली गोष्ट

लोककथागीत आणि ध्वनिमुद्रणाची तबकडी यांचे पहिल्यापासून जमले नाही. इंग्लंड-स्कॉटलंडकडची जुनी कथागीते, ज्यांना तिकडे बॅलड म्हणतात, चांगली लांबलचक असत. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी 1882 ते 1898 या काळात अशी 305 कथागीते पाठभेदांसह छापली. त्यांतल्या रॉबिन हूडवरच्या एकाच गीताची कडवी 456 भरतात. खून, पळवापळवी, बुडालेली जहाजे, मेलेल्या प्रियकराचे परत येणे असा सगळा ऐवज, आणि गाणाऱ्याला कसली घाई नाही. वसाहतकऱ्यांबरोबर ही गाणी अमेरिकेत गेली आणि ॲपलाचियन डोंगरांत मुरली. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांची माणसे ती मुद्रित करू लागली तेव्हा अडचण उभी राहिली. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. गायकांनी कडवी गाळली. कथेचे सांधे निखळले तरी ऐकणाऱ्यांना गोष्ट आधीच ठाऊक होती, म्हणून निभावले.

लोकसंगीतातला कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकच कथा, एकच प्रदेश किंवा एकच आपत्ती धरून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत रचलेला गीतसंच, ही या कापाकापीची भरपाई आहे. संगीताच्या इतिहासात या प्रकाराचे श्रेय बहुधा 1955 मधल्या फ्रँक सिनात्रांच्या अल्बमला नाहीतर 1967 मधल्या बीटल्सच्या अल्बमला दिले जाते. त्या दोन्हींच्या आधी ओक्लाहोमाच्या एका भटक्या गायकाने हे काम करून ठेवले होते, तेही एलपी नावाची वस्तू बाजारात येण्यापूर्वी.

त्या काळी ‘अल्बम’ हा शब्द अक्षरशः खरा होता. फोटोंच्या अल्बमसारखी पुठ्ठ्याची बांधीव वही, आत कागदी पाकिटांची पाने आणि प्रत्येक पाकिटात एक तबकडी. एखादी सिम्फनी घ्यायची तर अशी जडशीळ वही घरी न्यावी लागे. 1940 मध्ये व्हिक्टर कंपनीने त्याच भटक्या गायकाच्या, वुडी गथ्री यांच्या, ‘डस्ट बोल बॅलड्स’च्या अशा दोन वह्या काढल्या. प्रत्येकीत तीन तबकड्या, एकूण बारा बाजू. न्यू जर्सीतल्या कॅमडेनमध्ये एप्रिल-मे महिन्यांत मुद्रण झाले. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी गथ्रींची शिफारस केली होती. गायक एकटा, हातात गिटार, तोंडाशी माउथ ऑर्गन. बाकी साथीला कोणी नाही.

विषय होता धूळ. अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ मैदानांवर गव्हासाठी नांगर फिरले होते. 1930 च्या दशकात अवर्षण आले आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडून गेली. 14 एप्रिल 1935 चे काळे वादळ गथ्रींनी टेक्सासमधल्या पॅम्पा गावी पाहिले. ते स्वतः शेतकरी नव्हते. दुकानांच्या पाट्या रंगवत, जमेल तिथे गात. पण कर्ज, जप्ती, मोडकी मोटार आणि कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर अडवले जाणे ही सगळी वाट त्यांच्या ओळखीची होती. गीतसंचात ती क्रमाने येते: वादळ, घर सोडणे, रस्ता, छावणी, धुळीने फुफ्फुसे भरलेला माणूस. मधूनच विनोद येतो, आणि तो विनोद नसता तर हा संच सलग ऐकवला नसता. जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी 1939 मध्ये आली होती आणि तिच्यावरचा चित्रपट नुकताच लागला होता. गथ्रींनी सगळी कादंबरी एका कथागीतात बसवली. ‘टॉम जोड’ नावाचे ते गाणे एका बाजूवर मावेना, म्हणून ते तबकडीच्या दोन बाजूंवर तोडून घातले गेले. बारा बाजू आणि गाणी अकरा, हा हिशेब त्यामुळे आला. ऐकणाऱ्याने मध्येच उठून तबकडी उलटायची आणि टॉमची गोष्ट पुढे चालू करायची. मुद्रित झालेली आणखी दोन गाणी जागेअभावी बाहेर राहिली. ती 1964 च्या पुनर्मुद्रणात आत आली.

1948 च्या जून महिन्यात कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली. बारा इंची तबकडी, मिनिटाला तेहतीस आणि एकतृतीयांश फेरे, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ. त्याच वर्षी मोझेस ॲश आणि मॅरियन डिस्टलर यांनी न्यूयॉर्कमध्ये फोकवेज ही छोटी कंपनी काढली. गथ्रींचा धुळीचा संच 1950 मध्ये फोकवेजने एलपीवर आणला. ॲश यांनी गथ्रींना आगाऊ विषय देऊनही एक संच करवून घेतला होता: 1927 मध्ये देहदंड झालेल्या साको आणि व्हॅन्झेटी या दोन इटालियन स्थलांतरितांवरचा. तो 1960 मध्ये निघाला. गाणी प्रामाणिक आहेत, पण मागणीवरून लिहिल्याची कळा त्यांना आहे; धुळीच्या गाण्यांतला सहजपणा तिथे क्वचितच सापडतो.

ब्रिटनमध्ये हेच काम आधी रेडिओने केले. 9 फेब्रुवारी 1957 रोजी डर्बीशरमध्ये ब्रेकची वाफनळी फुटून एक मालगाडी उतारावर सुटली. चालक जॉन ॲक्सन गाडी सोडून गेले नाहीत आणि अपघातात मरण पावले. बीबीसीचे निर्माते चार्ल्स पार्कर, गायक-गीतकार यूअन मॅकॉल आणि अमेरिकेहून आलेल्या पेगी सीगर यांनी या घटनेवर तासाभराचा कार्यक्रम रचला. प्रथेप्रमाणे लोकांचे बोलणे लिहून घेऊन ते नटांकडून वदवायचे असे. इथे रेल्वे कामगारांचे खरे आवाज टेपवर घेतले गेले आणि त्यांच्या बोलण्याच्या लयीतूनच गाणी निघाली. 2 जुलै 1958 रोजी ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ प्रसारित झाले आणि 1964 पर्यंत अशी आठ ‘रेडिओ बॅलड्स’ झाली. कोळी, खाणकामगार, रस्ता बांधणारे मजूर असे विषय पुढच्या भागांत आले. खर्च फार होतो म्हणून बीबीसीने मालिका थांबवली. गाणे आणि बोलणे यांची सरमिसळ करून मोठी कथा उभी करता येते, हे मात्र एव्हाना सिद्ध झाले होते.

पुढची पिढी विजेच्या गिटारी घेऊन आली. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडने 1971 मध्ये ‘बॅबाकूम ली’ काढला. जॉन ली या नोकराला मालकिणीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. 23 फेब्रुवारी 1885 रोजी एक्सेटरच्या तुरुंगात तीनदा खटका ओढला आणि तिन्ही वेळा पायाखालची फळी उघडली नाही. शिक्षा जन्मठेपेवर आली. बँडचे व्हायोलिनवादक डेव्ह स्वार्ब्रिक यांना जुन्या वस्तूंच्या दुकानात या प्रकरणाची वर्तमानपत्रे सापडली आणि त्यांतून अल्बम झाला. कथा इतकी विलक्षण की संगीत तिच्यापुढे थोडे दबले. फाशीचा प्रसंग वगळता अल्बम आज फारसा ऐकला जात नाही.

त्याच्यापेक्षा सरस ठरला पीटर बेलामी यांचा 1977 चा जोडअल्बम ‘द ट्रान्सपोर्ट्स’. नॉरिचच्या तुरुंगात हेन्री केबल आणि सुझॅना होम्स हे दोन कैदी भेटले. चोरीबद्दल दोघांनाही काळ्या पाण्याची म्हणावी तशी हद्दपारी. तुरुंगातच त्यांना मूल झाले. लग्नाची परवानगी मिळाली नाही. सुझॅनाला जहाजाकडे रवाना केले तेव्हा कप्तानाने तान्ह्या मुलाला चढवू दिले नाही. सोबत गेलेला तुरुंगरक्षक जॉन सिम्पसन ते मूल मांडीवर घेऊन घोडागाडीने थेट लंडनला गेला, गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांना गाठले आणि हुकूम मिळवला. आईबाप आणि मूल एकत्र आले, 1787 मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या पहिल्या ताफ्यातून गेले आणि फेब्रुवारी 1788 मध्ये तिकडे त्यांचे लग्न लागले. ही खरी घटना. बेलामींनी तिच्यावर सगळी गाणी नव्याने रचली, पण घाट अठराव्या शतकातल्या रस्त्यावरच्या गाण्यांचा ठेवला, इतका बेमालूम की कित्येकांना ती पारंपरिकच वाटतात. मार्टिन कार्थी, जून टेबर, नॉर्मा आणि माइक वॉटरसन, निक जोन्स, ए. एल. लॉइड असे त्या पिढीचे नामांकित गायक एकेका पात्रासाठी उभे राहिले आणि वाद्यमेळ डॉली कॉलिन्स यांनी बांधला. पात्रागणिक वेगळा गळा ही या अल्बमची देणगी. एकाच गायकाने सगळी गोष्ट सांगण्याची रीत इथे सुटली आणि लोकगीत रंगमंचाच्या उंबरठ्याशी आले.

यानंतर दोन दशके हा प्रकार मागे पडला. तो परत आला तेव्हा त्याच्या नावामागे ‘इंडी’ हे उपपद लागले होते. इंडी म्हणजे स्वतंत्र: मोठ्या कंपनीच्या पैशावाचून निघालेले संगीत. टास्कॅम कंपनीचे पोर्टास्टुडिओ हे यंत्र 1979 मध्ये आले आणि साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे थर चढवून घरबसल्या मुद्रण करता येऊ लागले. पुढे संगणकाने थरांची मर्यादाही काढून टाकली. स्टुडिओचे भाडे मिनिटामिनिटाला चढत नसले की माणूस धाडस करतो. लुइझियानाच्या जेफ मॅन्गम यांनी न्यूट्रल मिल्क हॉटेल या नावाखाली 1998 मध्ये ॲन फ्रँकच्या डायरीने झपाटलेला अल्बम काढला तो याच मोकळेपणातून. करवतीवर गज फिरवून काढलेला त्यातला सूर एकदा ऐकला की विसरत नाही.

सुफ्यान स्टीव्हन्स यांनी आपले सावत्र वडील लोवेल ब्राम्स यांच्यासह 1999 मध्ये ॲस्थमॅटिक किटी ही कंपनी सुरू केली. 2003 मध्ये जन्मराज्य मिशिगनवर त्यांनी अल्बम काढला आणि पन्नासही राज्यांवर एकेक काढणार असल्याचे सांगितले. निघाले दोनच, बाकीची घोषणा ही प्रसिद्धीची युक्ती होती, असे त्यांनी पुढे कबूल केले. दुसरा, 2005 चा ‘इलिनॉय’, मात्र त्या वर्षीच्या समीक्षकांच्या याद्यांत अग्रभागी राहिला. 22 तुकडे, जवळजवळ 74 मिनिटे. सीडीवर मूळ जेवढी जागा असते तेवढी काठोकाठ भरलेली. बहुतेक वाद्ये स्टीव्हन्स यांनी स्वतः वाजवली आणि मुद्रणही स्वतः केले. 1893 चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन, कवी कार्ल सँडबर्ग, सुपरमॅन, लिंकनच्या पत्नी, आणि तरुण मुलांचे खून करणारा जॉन वेन गेसी, असे राज्याच्या गॅझेटियरमधून वेचावेत तसे विषय. मांडणी बँजो, तुताऱ्या आणि शाळकरी वाटणाऱ्या समूहगायनाची.

या अल्बमची खरी ताकद मोठ्या वाद्यमेळात नाही. मार्चचा पहिला सोमवार इलिनॉयमध्ये पोलिश सेनानी कॅसिमिर पुलास्की यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. त्या दिवसाचे नाव दिलेले गाणे हाडांच्या कर्करोगाने गेलेल्या एका मैत्रिणीविषयी आहे, आणि त्यात इतिहास एवढाच की ती गेली त्या दिवशी सुट्टी होती. प्रदेशाचा इतिहास माणसाच्या आयुष्याला असाच कडेकडेने लागतो. गेसीवरचे गाणेही आवाज न चढवता शेवटी गायकाच्या स्वतःच्या मनाकडे वळते. जुन्या खुनी कथागीतांत असा उलटा फिरणारा आरसा क्वचितच आढळतो.

काळाचा विरोधाभासही ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘मिशिगन’ निघण्याच्या दोनच महिने आधी, एप्रिल 2003 मध्ये, ॲपलने आयट्यून्स स्टोअर उघडून एकेक गाणे 99 सेंटला सुटे विकायला काढले होते. अल्बम फुटून पुन्हा तीन-तीन मिनिटांचे तुकडे होत होते, आणि नेमक्या त्याच वेळी लोकसंगीताच्या अंगाने जाणारे स्वतंत्र कलावंत सलग ऐकल्याशिवाय कळणार नाहीत असे संच बांधत होते.

त्यांतला सर्वांत हट्टी संच पोर्टलंडच्या डिसेंबरिस्ट्स या बँडचा. इंग्लिश गायिका ॲन ब्रिग्ज यांची 1964 ची चार गाण्यांची छोटी तबकडी ‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ बँडचे गीतकार कॉलिन मेलॉय यांच्या हाती आली. त्या नावाचे गाणे तबकडीवर नव्हतेच. मेलॉय यांनी ते लिहायला घेतले आणि 2009 मध्ये त्याचा सतरा तुकड्यांचा अल्बम होऊन बसला. नायिका मार्गारेट, नायक विल्यम: चाइल्ड यांच्या संग्रहात वारंवार भेटणारी नावे. विल्यम हरणाचे रूप घेतो, वनराणी त्याला सोडायला तयार नाही, स्वतःच्या मुलांना मारणारा एक नराधम मार्गारेटला पळवतो, मुलांची भुते परत येतात, आणि प्रेमिक नदीत बुडतात. गाण्यांमध्ये खंड नाही. हार्प्सिकॉर्ड संपतो तोच जडशीळ विजेच्या गिटारी आदळतात. वनराणीसाठी शारा वॉर्डेन यांचा धारदार गळा, मार्गारेटसाठी बेकी स्टार्क यांचा कोवळा. कथा मध्ये गुंतते, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो खोटा नाही. पण 456 कडव्यांच्या परंपरेचा वारस थोडा पाल्हाळिक निघाला तर त्यात नवल कसले.

मार्च 2010 मध्ये ‘हेडिसटाउन’ आला. व्हर्मॉंटच्या अनाईस मिचेल यांनी ऑर्फियस आणि युरिडिसी यांची ग्रीक कथा आधी 2006 मध्ये आपल्याच राज्यातल्या गावांत स्थानिक कलावंतांना घेऊन छोट्या नाटकाच्या रूपात केली होती. मायकेल चोर्नी यांनी वाद्यमेळ बांधला. नाटक पुढे सरकेना तेव्हा त्यांनी गाण्यांचा अल्बम करायचे ठरवले. टॉड सिकाफूस निर्माते झाले. कंपनी होती गायिका आनी डिफ्रँको यांची राइचस बेब. भूमिका वाटल्या गेल्या त्या गळा पाहून. पाताळाचा राजा हेडिस म्हणून आयोवाचे ग्रेग ब्राउन, ज्यांचा खर्ज विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटतो. त्याची पत्नी पर्सेफोनी स्वतः डिफ्रँको. ऑर्फियससाठी बॉन इव्हेअर या बँडचे जस्टिन व्हर्नन, ज्यांनी स्वतःचाच आवाज थरांवर थर चढवून लावला. त्यामुळे जगातल्या सर्वांत थोर गायकाचे एकट्याचे गाणे समूहगान होऊन येते. दैवाच्या तीन देवता म्हणून बास वादक चार्ली हेडन यांच्या तिळ्या मुली. एकाच घरच्या गळ्यांना जी सारखी धार असते ती तिथे अंगावर येते. युरिडिसी खुद्द मिचेल.

कथेचा काळ त्यांनी ग्रीसमधून उचलून 1930 च्या मंदीसारख्या एका काळात ठेवला. गथ्रींची धूळ इथे परत येते, फक्त आता ती पुराणकथेची धूळ आहे. मूळ कथेत युरिडिसी सर्पदंशाने मरते. इथे ती भुकेपोटी पाताळात उतरते. हेडिस हा खाणींचा आणि गिरण्यांचा मालक. त्याच्या राज्यात पोटाला आहे, पगार आहे, भोवती भिंत आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी येणारे भिंतीचे गाणे म्हणजे मालक आणि मजूर यांची प्रश्नोत्तरे. प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो आणि शेवटी कामाचे कारण भिंत आणि भिंतीचे कारण काम असे चक्र पुरे होते. मंत्रासारखी चाल, मागे जवळजवळ काही नाही. हे गाणे 2006 चे आहे. दहा वर्षांनी अमेरिकेच्या निवडणुकीत सीमेवरची भिंत हाच प्रचाराचा मुद्दा झाला तेव्हा ते त्या प्रचारावरच लिहिले असावे अशी अनेकांची समजूत झाली.

अल्बमचे शहाणपण असे की तो सगळे सांगत नाही. युरिडिसीला पाताळातून परत आणताना ऑर्फियस मागे वळून पाहतो आणि तिला गमावतो, तो क्षण अल्बमवर घडताना ऐकू येत नाही. आधीची शंका ऐकू येते आणि नंतरचा विलाप. चाइल्ड यांच्या कथागीतांचीही हीच खोड: मुख्य घाव दोन कडव्यांच्या मध्ये पडतो. ‘हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ने जे सगळे भरून काढायचा आटापिटा केला ते मिचेल यांनी मोकळे सोडले, आणि म्हणून 57 मिनिटांच्या आसपासचा हा अल्बम त्या वर्षीचा या प्रकारातला सर्वांत पूर्ण ठरतो.

तो पुन्हा रंगमंचावर गेला तेव्हा हे मोकळेपण काही प्रमाणात भरावे लागले. दिग्दर्शक रेचेल चावकिन यांच्याबरोबर मिचेल यांनी गाणी वाढवली, बदलली. 2016 मध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप, मग कॅनडातले एडमंटन, लंडनचे नॅशनल थिएटर आणि 17 एप्रिल 2019 रोजी ब्रॉडवेवरचे वॉल्टर कर थिएटर. त्या वर्षी चौदा नामांकनांपैकी आठ टोनी पुरस्कार मिळाले; त्यांतला वाद्यमेळाचा चोर्नी आणि सिकाफूस यांना.

जुलै 2020 मध्ये टेलर स्विफ्ट यांनी ‘फोकलोर’ काढला. द नॅशनल या इंडी बँडचे ॲरन डेसनर त्यात सहनिर्माते होते, एका गाण्यात व्हर्नन यांचा आवाज होता, आणि तीन गाण्यांत एकाच प्रेमत्रिकोणाची गोष्ट तिघांच्या तोंडून सांगितली होती. वर्षातला उत्तम अल्बम म्हणून त्याला ग्रॅमी मिळाले. स्टीव्हन्स यांच्या ‘इलिनॉय’लाही रंगमंच मिळाला: नृत्यरचनाकार जस्टिन पेक यांनी त्यावर संवादाविना नृत्यनाट्य बसवले आणि एप्रिल 2024 मध्ये ते सेंट जेम्स थिएटरात आले. शेकोटीभोवती जमलेली तरुण मंडळी वह्यांतल्या गोष्टी एकमेकांना सांगतात, अशी त्याची चौकट. पेक यांना नृत्यरचनेचा टोनी मिळाला. तिथून चार रस्ते उत्तरेला वॉल्टर करमध्ये त्याच महिन्यात ‘हेडिसटाउन’ला पाच वर्षे पूर्ण झाली.